पहिलं पान कुठंय? शहरातल्या तमाम संपादकांना एका वर्गणीदार बाईचं खुलं पत्र

प्रति,
शहरातल्या सगळ्या दैनिकांचे मा. संपादक, मा. जाहिरात व्यवस्थापक, पोर्टलवाले, आणि ज्यांच्या हातात बूम (चॅनलचा माईक) आहे ते सर्व मुख्य संपादक,
छत्रपती संभाजीनगर.
(जमलं तर जालना, बीड, लातूर, परभणी, नांदेड, हिंगोली, धाराशिवलाही पाठवा, तिकडं पुरवणीचं नाव बदलतं, जाहिराती त्याच असतात.)

विषय: जाहिरातीतलं शहर आणि बातमीतलं शहर एकच आहे की दोन, याचा खुलासा होणेबाबत.

महोदय, महोदया,

मी गारखेड्यात राहते आणि आमच्या घरी पेपर अजून कागदाचाच येतो, ग्रुपवर फुकट पीडीएफ पडते तरी, कारण सासूबाईंना मोबाईलवर निधन वार्तेतले फोटो नीट दिसत नाहीत. आधी चहा, मग निधन, मग राशिभविष्य आणि मग पहिलं पान असा त्यांचा क्रम आहे, परभणीहून लग्न होऊन आल्या तेव्हापासूनचा. हल्ली शेवटच्या पायरीला घोळ व्हायलाय. दसरा-दिवाळीच्या दिवसांत तर त्या अख्खा अंक उलटा-पालटा करतात आणि हाक मारतात, "अगं, पहिलं पान कुठंय?" मी म्हणते सोन्याच्या दुकानाच्या मागं. सोन्याच्या मागं गाड्यांचं शोरूम निघतं, शोरूमच्या मागं कुठल्या तरी टॉवरचं भव्य बुकिंग, आणि असं करत करत चौथ्या-पाचव्या कागदावर तुमचं नाव पुन्हा एकदा मोठ्या अक्षरात येतं, त्याच्या खाली अजून अर्धं पान जाहिरात आणि उरलेल्या अर्ध्यात देश, राज्य, मराठवाडा आणि पावसाचा अंदाज एकमेकांना कोपर मारत बसलेले.

आधीच सांगून टाकते की जाहिरातींवर माझा राग नाही. पाच-सहा रुपयात एवढा कागद, एवढी शाई, रात्रभर मशीन, पहाटे सेंटरवर गठ्ठे आणि उजाडायच्या आत जिन्यात अंक टाकून जाणारा पोरगा, हे पाच-सहा रुपयात होत नसतं एवढं कळतं आम्हाला. वर तुम्ही कूपनं चिकटवा आणि बादली न्या अशी योजना पण काढता. मागच्या वेळी चादर होती, यंदा बादली आहे, आणि या गावात बादली म्हणजे चेष्टा की मदत हे अजून आमच्या घरात ठरलेलं नाही. तर जाहिरात पाहिजेच. मला तर जाहिरात वाचायला आवडते. विशेषतः ते आतल्या पानावरचं जाहीर प्रगटन, मुंगीएवढ्या अक्षरातलं. कुणाची मार्कशीट बसस्टँडवर हरवली, कुणी नावात एक अक्षर वाढवलं, कुठल्या गट नंबरातल्या किती आर जमिनीवर कुणाचा बोजा असेल तर लेखी कळवा नाहीतर कुणाचाही हक्क नाही असं समजून व्यवहार पूर्ण केला जाईल. मला विचाराल तर तुमच्या अख्ख्या अंकात सगळ्यात खरं बोलणारा कोपरा तोच आहे, कारण तिथं वकिलाचं नाव आणि पत्ता असतो आणि खोटं निघालं तर कुणीतरी अडकतं.

मला खटकतं ते वेगळंच. एकाच पेपरात, एकाच दिवशी, कधीकधी एकाच पानावर जाहिरात आणि बातमी शेजारी-शेजारी राहतात आणि एकमेकींना ओळखच दाखवत नाहीत.

पाण्याचंच घ्या. या गावातल्या बारक्या पोरांना पाढे येत नसतील पण पाइपाचे आकडे येतात. ७०० एमएमची जुनी, १४०० ची नंतरची, ९०० ची मधली तात्पुरती, आणि २५०० ची जिची वाट बघण्यात आमच्या लग्नाच्या वरातीतल्या पोरींची लग्नं झाली. समांतर जलवाहिनी नावाचं एक प्रकरण होऊन गेलं, कंपनी आली, २०१६ मध्ये करार मोडला, मग १६८० कोटींची नवी योजना, १२ डिसेंबर २०२० ला तिचं भूमिपूजन, मग तोच आकडा २७४० कोटींवर, मग हायकोर्टाच्या खंडपीठानं लक्ष घातलं, हे सगळं आम्हाला तोंडपाठ आहे ते तुम्ही छापलं म्हणूनच. त्याबद्दल खरंच आभार. तुमच्या रिपोर्टरांनी या पाण्याच्या मागं जेवढ्या चपला झिजवल्या तेवढ्या बाकीच्यांनी झिजवल्या असत्या तर आज मी हे पत्र लिहीत नसते, आंघोळ करत असते.

पैठणचं धरण इथून साधारण ५० किलोमीटरवर. नाथसागर भरला की तुम्ही दरवाजे उघडल्याचा फोटो पहिल्या पानावर टाकता (म्हणजे जाहिराती संपल्यानंतरच्या पहिल्या पानावर), आणि त्याच आठवड्यात आतल्या पानावर बातमी असते की अमुक भागात सहाव्या नाही तर आठव्या दिवशी पाणी. बरं, हेही समजू शकते, धरण भरणं आणि नळ येणं यात एक महानगरपालिका बसलेली आहे. पण त्याच अंकाच्या जॅकेटवर, म्हणजे पहिल्या पानाला वरून गुंडाळलेल्या त्या जाहिरातीच्या कागदावर, काय असतं? '२४ तास मुबलक पाणी, इन्फिनिटी स्विमिंग पूल, मुलांसाठी रेन डान्स.' अहो, ज्या शहराच्या पाण्यावर तुम्ही वर्षानुवर्षं मालिका चालवली त्याच शहरात कुणीतरी २४ तास मुबलक पाणी देतोय, ही तर तुमची सगळ्यात मोठी बातमी व्हायला पाहिजे होती! मनपाला जमलं नाही, शासनाला जमलं नाही, ते एका माणसानं दहा मजल्यांवर करून दाखवलं आणि तुमचा एकही रिपोर्टर तिकडं फिरकला नाही. फोन तरी करायचा. मी केला. म्हटलं, पाणी कुठून येतं हो? पलीकडची पोरगी गोड होती, म्हणाली, "मॅडम, दोन बोअर आहेत ना, आणि कार्पोरेशनची लाईन मंजूर आहे." म्हटलं मंजूर आहे म्हणजे आलीय का? म्हणाली, "मंजूर आहे मॅडम." म्हटलं मे महिन्यात बोअर चालतं का? तर साईट व्हिजिटला या म्हणाली, गाडी पाठवते म्हणाली, नाश्ता पण आहे म्हणाली. नाश्त्याबरोबर पाणी देतात का हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं पण पोरगी कमिशनवर असणार, कशाला उगाच.

मग एका रविवारी आम्ही दोघं स्कूटीवर निघालो. मिस्टरांना पेपरातल्या अजून एका जाहिरातीनं पछाडलं होतं, 'क्रांती चौकापासून फक्त १० मिनिटांवर, शेंद्रा-ऑरिकच्या कुशीत, समृद्धी टच एनए प्लॉट, उद्याचं पुणे आजच्या भावात.' आता जालना रोड तुम्हाला मी काय सांगू, तुमची ऑफिसं तिथंच आहेत. आकाशवाणी, सेव्हन हिल्स, मुकुंदवाडी, चिकलठाणा, एकेक सिग्नल म्हणजे एकेक नवस. दहा मिनिटं संपली तेव्हा आम्ही मुकुंदवाडीच्या पण अलीकडं होतो. केंब्रिज चौक ओलांडला, शेंद्रा मागं पडलं, करमाडची पाटी आली, आणि तिथून आत कच्च्या रस्त्यानं गेल्यावर चुन्याच्या रेघा आणि एक मंडप. एजंटभाऊंना म्हटलं, दादा, तुमची दहा मिनिटं आम्हाला काही सापडली नाहीत. ते अजिबात ओशाळले नाहीत, म्हणाले, "वहिनी, ते समृद्धीवरून धरलंय." समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे हे त्यांना आमच्या स्कूटीकडं बघून आठवलं असावं, कारण मग ते चारचाकीच्या लोनबद्दल बोलायला लागले.

आणि हे 'समृद्धी टच' काय असतं ते तरी एकदा छापा. ७०१ किलोमीटरचा रस्ता, ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी सुरू झाला, ५ जून २०२५ ला शेवटचा तुकडा, हे तुम्ही पान-पान भरून दिलं, ड्रोनचे फोटो दिले. पण त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे, इंटरचेंज सोडून कुठूनही चढता येत नाही, म्हणजे टच असलेल्या प्लॉटवाल्याला समृद्धीचा आवाज ऐकू येतो आणि बाकी काही नाही, हे एका ओळीत कुणी छापेल तर किती लोकांचे पैसे वाचतील. बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीसाठी टोयोटाचा २०,००० कोटींचा करार झाला २०२४ मध्ये, चांगलंच झालं, आमच्या भाच्याला पण तिथंच नोकरी लागो. पण त्या दिवसापासून तीस-तीस किलोमीटर लांबचं कोरडं माळरान पण टोयोटाच्या कुशीत आलं, त्याचं काय?

या प्लॉटच्या गोष्टीला पुढचे भाग पण असतात आणि सगळे भाग तुमच्याच पेपरात येतात, म्हणून तर मी तुम्हाला लिहायलेय. पहिल्या भागात जाहिरात: २० बाय ३० चा प्लॉट, बॉण्डवर (म्हणजे रजिस्ट्री नाही, नुसता स्टँप पेपर), सुलभ हप्ते, ताबा लगेच. दुसऱ्या भागात चार-पाच वर्षांनी बातमी: 'नागरी सुविधांअभावी रहिवाशांचे हाल, चिखलातून शाळेत जाण्याची वेळ', बरोबर गुडघाभर पाण्यात उभ्या बायकांचा फोटो. तिसऱ्या भागात गुंठेवारीच्या (म्हणजे असे विनापरवाना पाडलेले प्लॉट नियमित करायच्या) फाईलींना मुदतवाढ, २००१ चा कायदा, एवढे अर्ज, एवढी वसुली. चौथ्या भागात जेसीबी. पहिला भाग कुणी छापला होता याचा उल्लेख चौथ्या भागात कधीच नसतो. रेरा कायद्यात तर स्पष्ट आहे की ५०० चौरस मीटरच्या वरच्या प्रोजेक्टला नोंदणीशिवाय जाहिरातच करता येत नाही, १ ऑगस्ट २०२३ पासून महारेरानं जाहिरातीत क्यूआर कोड पण सक्तीचा केलाय. मी आता भिंग घेऊन तो कोड शोधत असते. काहींचा असतो. काहींचा तीळ म्हणून खपेल एवढा असतो. आणि बॉण्डवाल्यांचा तर प्रश्नच येत नाही, त्यांच्या जाहिरातीत दोन मोबाईल नंबर आणि देवाचा फोटो.

आता तुम्ही म्हणाल बाई, खाली आम्ही लिहितो ना. हो, लिहिता. सगळ्यात शेवटच्या पानाच्या सगळ्यात खालच्या ओळीत, या अंकातील मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही, आणि जाहिरातीतील दाव्यांची वाचकांनी स्वतः खातरजमा करावी. म्हणजे बातमीशी तुम्ही सहमत नाही, जाहिरातीला जबाबदार नाही, मग अंकात तुमचं नेमकं आहे तरी काय, शब्दकोडं?

आमच्या शेजारच्या काकांनी खातरजमा केली होती. त्यांची खातरजमा म्हणजे तुमचा पेपर. रिटायरमेंटचे पैसे एका मल्टिस्टेटमध्ये (अनेक राज्यांत चालणाऱ्या पतसंस्थेत) ठेवताना त्यांनी काकूंना रद्दीतून काढून दाखवलं होतं, हे बघ, वर्धापनदिनाची फुलपेज, हे बघ, नव्या शाखेचं उद्घाटन, हे बघ चेअरमनची मुलाखत, 'शून्यातून विश्व', एवढे मोठे पेपर उगाच छापतात का. बँकेपेक्षा चार-पाच टक्के जास्त व्याज. २०२३ पासून मराठवाड्यात अशा किती पतसंस्था आणि मल्टिस्टेटांच्या दारात ठेवीदार बसलेत ते तुम्हीच रोज छापता, म्हातारी माणसं, हातात पासबुकं, उन्हात. ती बातमी पण चांगली देता, मन लावून देता, खरं सांगते. फक्त चेअरमनचा फोटो त्या बातमीत आला ना, तो कुठला होता माहितीय का, मुलाखतीतलाच. तोच कोट, तीच खुर्ची. काकांनी ओळखला. त्या दिवसापासून ते फक्त शब्दकोडं सोडवतात, म्हणून वर शब्दकोड्याचं म्हटलं.

क्लासेसवाल्यांचं तर मी थोडक्यात सांगते कारण निकालाच्या दिवशी तुमचा अंकच क्लासेसवाल्यांचा असतो. लातूर पॅटर्न आमच्या पण डोक्यावर बसलेला आहे, पोरगी बारावीला आहे. एकच टॉपर पोरगी तीन क्लासच्या जाहिरातीत, एकीकडं रेग्युलर बॅच, एकीकडं क्रॅश कोर्स, एकीकडं म्हणे टेस्ट सिरीज, फोटो एकच, फ्रॉक पण एकच. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये नियम काढलेत की यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरायचा नाही आणि त्यानं कोणता कोर्स केला होता ते सांगायचं. तीन पानं समोरासमोर ठेवून, त्या पोरीला फोन लावून, बाळा तू नक्की कुठं शिकलीस, एवढं विचारलं तर सगळ्यात जास्त वाचली जाणारी बातमी होईल ती त्या आठवड्याची. पण ती तीन पानं एकाच दिवशी तुमच्याच अंकात आलेली असतात ना. अडचण आहे, समजू शकते.

निदान जाहिरात जाहिरातीसारखी दिसते तोवर आपण डोळे मिटू शकतो. मला जास्त भीती वाटते ती बातमीच्या कपड्यात आलेल्या जाहिरातीची. 'वाणिज्य प्रतिनिधी' नावाचा एक माणूस आहे तुमच्याकडं, सगळ्याच पेपरात दिसतो, काय लिहितो हो तो! त्याला कुठलंच हॉटेल बेचव लागत नाही, कुठल्याच हॉस्पिटलात पेशंट दगावत नाही, कुठल्याच दालनाला ग्राहकांचा 'उदंड' सोडून दुसरा प्रतिसाद मिळत नाही. तुमच्या क्राईम रिपोर्टरला एकदा त्याच्या जागी बसवा आणि त्याला क्राईमला, शहरातले गुन्हे तरी कमी होतील.

यावरून एक आठवलं, आमच्या सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं आणि पुढं वाचलेलं पण. १९३८ साली आ. कृ. वाघमाऱ्यांनी 'मराठवाडा' काढलं. निजामाचं राज्य, मराठीत काही लिहायचं म्हणजे संकट. सरकारनं पेपरवर बंदी घातली की हे दुसऱ्या नावानं काढायचे, त्यावर बंदी आली की अजून वेगळं नाव. पुढं अनंत भालेराव संपादक झाले, तो काळ तर तुमच्यातल्या जुन्या लोकांना माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. तेव्हा बातमी लोकांपर्यंत पोचावी म्हणून अख्खा पेपर नाव बदलायचा. आता जाहिरात नाव बदलते, बातमीत घुसायला. कधी वाणिज्य प्रतिनिधी, कधी विशेष पुरवणी, कधी ब्रँड स्टोरी, कधी 'आयकॉन्स ऑफ मराठवाडा' ज्यात आयकॉन व्हायचा रेट असतो म्हणे पानाप्रमाणे. आमच्या मिस्टरांच्या साहेबांनाही फोन आला होता, सर तुमची निवड झालीय, फक्त मानधन... म्हणजे तुम्ही द्यायचं.

निवडणुकीत हेच किती महागात पडतं ते आपल्याच भागानं देशाला दाखवलंय. २००९ च्या विधानसभेला नांदेडकडच्या भोकरच्या निमित्तानं पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, हा शब्द गाजला, वेगवेगळ्या पेपरांत शब्दनशब्द सारखा मजकूर. प्रेस कौन्सिलच्या दोघांच्या समितीनं २०१० मध्ये रिपोर्ट लिहिला, तो कौन्सिलनंच पूर्ण बाहेर येऊ दिला नाही, माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये आला. भोकरचं प्रकरण निवडणूक आयोगाकडं गेलं, आयोगाचा आदेश २०१४ मध्ये दिल्ली हायकोर्टानं रद्द केला, म्हणजे उमेदवाराचं प्रकरण तिथं मिटलं. माझा प्रश्न उमेदवाराबद्दल नव्हताच. एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या पेपरांना एकाच दिवशी स्वल्पविरामासकट एकच वाक्य सुचतं कसं, हा आहे.

शहरात बाहेर पडलं तरी सुटका नाही म्हणा. क्रांती चौक घ्या नाहीतर टीव्ही सेंटर, फ्लेक्सवर चाळीस डोकी, मधला हात जोडून, बाकीचे शिक्क्यासारखे गोल गोल, खाली 'भावी नगरसेवक'. मनपाची मुदत २०२० च्या एप्रिलमध्ये संपली आणि त्यानंतर इतकी वर्षं प्रशासकच होते, तर काही जणांची भावी असतानाच मिशी पांढरी झाली, फ्लेक्सवर मात्र फोटो जुनाच. १९९५ चा विद्रूपण प्रतिबंध कायदा आहे, २०१७ मध्ये मुंबई हायकोर्टानं बेकायदा होर्डिंगबद्दल सविस्तर आदेश दिले, १३ मे २०२४ ला घाटकोपरला १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग पडून १७ माणसं गेली, त्यानंतर इथंही आठवडाभर स्ट्रक्चरल ऑडिटच्या बातम्या आल्या. 'अनधिकृत फ्लेक्सनी शहराचा श्वास कोंडला' अशी तुमची बातमी आणि तिच्या बरोब्बर खाली त्याच फ्लेक्सवाल्या भाऊंच्या वाढदिवसाची पाव पान जाहिरात, तोच फोटो, तेच गोल गोल. माझ्याकडं कात्रण आहे. फ्रीजवर लावलंय. आणि तिसऱ्या दिवशी त्याच वाढदिवसाची बातमी, घाटीत (सरकारी दवाखान्यात) फळवाटप, मग प्रमुख उपस्थिती, मग यशस्वीतेसाठी परिश्रम घेणाऱ्यांची नावं, सूत्रसंचालन कुणी केलं, आभार कुणी मानले, अर्धा कॉलम. केळी कुणी खाल्ली तेवढं सोडून सगळं.

२०२३ च्या फेब्रुवारीत जी-२० च्या पाहुण्या बायका येणार म्हणून विमानतळापासून शहर रंगवलं होतं तेव्हा मी मिस्टरांना म्हटलं होतं, बघा, शहराला पण जॅकेट घातलं. त्यांना जोक कळला नाही, ते कारंजाचा व्हिडिओ काढत होते.

बूमवाल्या संपादकांना वेगळं लिहायला पाहिजे पण तेवढं बळ नाही. दादांनो, खड्ड्यात उभं राहून तुम्ही जेव्हा 'एकच खळबळ' म्हणता तेव्हा मागं पाणीपुरीवाला शांतपणे पुऱ्या तळत असतो, तो फ्रेममधून काढा. आणि खड्डा बुजवला की 'आपल्या बातमीचा दणका' म्हणून चाळीस सेकंद स्वतःचीच क्लिप लावता ते ठीक, पण पहिल्या पावसात तो खड्डा परत उघडतो तेव्हा पण या की. आणि गाडीवर प्रेस लिहून नो पार्किंगमध्ये लावू नका, तुमच्यामुळं आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला पण प्रेस लिहून फिरायलाय, त्याचं निदान खरं आहे.

तर मागणी काय. एक माणूस द्या. तुमच्याकडं क्राईम बीट आहे, मनपा बीट आहे, एज्युकेशन आहे, घाटी आहे. एक जाहिरात बीट करा. त्या माणसानं सकाळी स्वतःचाच अंक उघडायचा, जॅकेटवर काय लिहिलंय ते वाचायचं आणि निघायचं. दहा मिनिटं म्हटलंय, घड्याळ लावून जा. मुबलक पाणी म्हटलंय, मे महिन्यात जा, गच्चीवरची टाकी बघ, खाली टँकर उभा असतो का बघ, वॉचमनला विचार. बारा टक्के व्याज म्हटलंय, कर्ज कुणाला दिलंय ते विचार. सगळं खरं निघालं तर तसं छाप, त्या बिल्डरची याहून मोठी जाहिरात होणार नाही आणि ती फुकट असेल. खोटं निघालं तर निदान एवढं तरी छाप की आम्ही गेलो होतो. आठवड्यातून एक चौकट, तीन इंच. तुमचे जाहिरात व्यवस्थापक हार्ट अटॅकनं जातील असं वाटत असेल तर महिन्यातून एक करा. आणि विकत घेतलेल्या मजकुरावर 'जाहिरात' हा शब्द टाका, सासूबाईंना चष्म्यानं दिसेल एवढ्या टायपात.

दुसरं, पाण्याचं वेळापत्रक छापा. कुठल्या टाकीवरून कुठल्या वसाहतीला कोणत्या दिवशी, किती वाजता. आत्ता हे आम्हाला लाइनमनच्या मेहुण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून कळतं. उद्या महावितरणचं मेंटेनन्स कुठं, घाटीत कुठल्या ओपीडीला कोणता वार, सिटी बस कुठल्या रूटवर बंद आहे, हे रोज एका ठरलेल्या जागी आलं तर ते पान मी कापून ठेवेन, आणि त्याच्या शेजारी कितीही मोठी साडीची जाहिरात टाका, शंभर टक्के वाचली जाईल, व्यवस्थापकांना सांगा, रेट वाढवून घ्या.

उत्तर द्यायचं असेल तर छापा, माझं नाव नको, 'एक वाचक, गारखेडा' पुरे. फक्त आमच्या पाण्याच्या दिवशी छापू नका, त्या दिवशी पहाटे तीनपासून मोटार, पाइप, हौद, ड्रम आणि वरच्या मजल्यावरच्यांशी भांडण असतं, पेपर ओला होतो आणि संध्याकाळपर्यंत कुणी उघडत नाही. तो दिवस कोणता ते मी सांगितलं असतं, पण लाइनमनचा मेहुणा ग्रुपमधून लेफ्ट झालाय.

आपली,
एक वाचक (वार्षिक वर्गणी भरलेली, बादली अजून न मिळालेली)